हवासू फॉल्सला पहिल्यांदा जाताय? मग प्लॅनिंग शेवटच्या दिवसापासून सुरू करा

अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासू फॉल्स या धबधब्याचे फोटो दाखवले की पहिला प्रश्न हमखास येतो, पाण्याचा रंग खरा आहे का? खराच आहे. चुनखडीतून झिरपत आलेलं झऱ्याचं पाणी, त्यात कॅल्शियम कार्बोनेट भरपूर, म्हणून ते असं निळं-हिरवं दिसतं, आणि तोच चुना जागोजागी साचून ट्रॅव्हर्टाइनचे बांध आणि डोह तयार होतात. आपल्याकडे सह्याद्रीत धबधबा म्हणजे पावसाळा, दिवाळी झाली की नुसता काळा कातळ उरतो. इथं उलटं, आजूबाजूला वाळवंट, पाऊस नावाला, पण पाणी झऱ्याचं असल्यामुळे बारा महिने वाहतं आणि गारठा असो की ऊन, २१ डिग्रीच्या आसपासच राहतं.

दुसरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही आणि खरं तर तोच विचारायला हवा, परत वर कसं यायचं? गडावर जाताना आपण आधी चढतो, दमलो तर तिथूनच मागे फिरता येतं. इथं गाडी वर लावायची, १० मैल म्हणजे १६ किलोमीटर खाली उतरत जायचं, तीन रात्री खाली राहायचं, पाण्यात डुंबायचं, आणि पाय बोलायला लागले की चौथ्या दिवशी तेच १६ किलोमीटर वर, त्यात सगळ्यात खडा चढ अगदी शेवटी. एकूण चढाई साधारण २,४०० फूट. कळसूबाई केलेल्या माणसाला आकडा ऐकून काही वाटणार नाही, पण पाठीवर चार दिवसांची सॅक आणि डोक्यावर ॲरिझोनाचं ऊन धरून हिशोब करा. म्हणून सॅकमध्ये काय भरायचं, जेवण किती न्यायचं, तिसऱ्या दिवशी किती लांब जायचं, हे सगळं त्या शेवटच्या दिवसाकडे बघून ठरवायचं.

जागा कोणाची आहे ते आधी

हवासू फॉल्स ग्रँड कॅन्यनच्याच एका फाट्यात आहे पण नॅशनल पार्कात नाही, ही हवासुपाई लोकांची जमीन. १८८२ मध्ये सरकारनं त्यांना कॅन्यनच्या तळातल्या जेमतेम ५१८ एकरांत कोंबलं, वरच्या पठारावरची शिकारीची आणि हिवाळ्यात राहायची जमीन गेली, आणि ती परत मिळायला १९७५ चा कायदा यावा लागला, तेव्हा जवळपास १,८५,००० एकर परत आली. आज आपण जिथं टेंट लावतो तो कॅम्पग्राउंडसुद्धा त्याआधी पार्कवाल्यांच्याच ताब्यात होता. सुपाई हे त्यांचं गाव तिथंच खाली आहे, वस्ती दोनशेच्या आसपास, गाडीरस्ता नाही, टपाल अजून खेचरांच्या पाठीवरून येतं.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा की पार्कचा वार्षिक पास इथं चालत नाही, नियम ट्राइबचे म्हणजे हवासुपाई जमातीचे आणि पैसेही ट्राइबला. दारू, ड्रोन, पाळीव प्राणी, शेकोटी, कड्यावरून उड्या, सगळं बंद. गावातून जाताना माणसांचे आणि घरांचे फोटो काढायचे नाहीत. दारूबद्दल आपल्या ग्रुपमध्ये एक तरी जण 'थोडीशी न्यायला काय होतं' म्हणतोच, त्याला घरीच समजवा, नाहीतर सरळ घरीच ठेवा.

पहिलं काम, परमिट

सकाळी उतरून संध्याकाळी वर, हा प्रकार चालत नाही. कॅम्पग्राउंडचं किंवा गावातल्या लॉजचं बुकिंग असेल तरच खाली सोडतात. कॅम्पिंगचं बुकिंग सरसकट तीन रात्री चार दिवसांचं असतं, दोनच रात्री राहतो, पैसे कमी करा, असं काही नाही. भाडं माणशी चारशे डॉलरच्या पुढे गेलंय आणि वाढत असतं, त्यामुळे मित्रानं तीन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा धरून बजेट करू नका. पैसे बुकिंगच्या वेळीच पूर्ण भरायचे आणि ते परत मिळत नाहीत.

बुकिंग वर्षाच्या सुरुवातीला, जानेवारी-फेब्रुवारीत, ट्राइबच्या अधिकृत साइटवर उघडतं आणि चांगल्या तारखा बघता बघता जातात, म्हणून अकाउंट आधीच काढून ठेवा, सगळ्यांची नावं आणि तीन-चार पर्यायी तारखा हाताशी ठेवा. आणि वेळ ॲरिझोनाची असते. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, म्हणजे फेब्रुवारीत ते कॅलिफोर्निया आणि व्हेगासपेक्षा एक तास पुढे आणि मे महिन्यात त्यांच्याबरोबर. बुकिंगच्या सकाळी यावरून गोंधळ होतो आणि ट्रिपच्या दिवशी चेक-इनलाही होतो.

हुकलं तर लगेच निराश होऊ नका, लोक कॅन्सल करतात आणि त्या तारखा त्याच साइटवर वर्षभर वर येत असतात, रोज सकाळी चहा पिताना एकदा बघायची सवय लावा. दोघं-चौघं असाल तर असं जमून जातं, बारा जणांचा ग्रुप असेल तर अवघड आहे. सोशल मीडियावर कोणी परमिट विकतोय म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका, चेक-इनला ओळखपत्र बघतात आणि बुकिंगवर ज्याचं नाव आहे तो ट्रिप लीडर हजर लागतो. पर्यायी लीडरचं नाव टाकायची सोय असते, ते नक्की टाका, कारण ऐन वेळी कोणाचं पोर आजारी पडेल आणि कोणाची मीटिंग निघेल सांगता येत नाही.

गाइडबरोबर की आपले आपण?

वाट चुकण्यासारखी नाही, एकच कॅन्यन आहे, त्यामुळे रस्ता दाखवायला गाइड लागत नाही. गाइड लागतो तो बाकीच्या गोष्टींना: स्वयंपाक, पाणी फिल्टर करणं, कोणाचा पाय मुरगळला तर काय करायचं, आणि आभाळ भरून आलं की 'आज खाली जायचं नाही' हे ठामपणे सांगणं. ज्यांनी पाठीवर सामान घेऊन कधी मुक्कामी ट्रेक केला नाही त्यांनी पहिल्या वेळी एक तरी जाणता माणूस बरोबर घ्यावा, मग तो पगारी गाइड असो की तुमच्याच मंडळातला दहा-बारा ट्रेक केलेला कोणी दादा-ताई.

पगारी गाइड घ्यायचा असेल तर एक गोष्ट आधी तपासा. २०१९ मध्ये ट्राइबनं बाहेरच्या टूर कंपन्यांना परमिट देणं बंद केलं होतं, म्हणून पैसे भरायच्या आधी ट्राइबच्या टुरिझम ऑफिसलाच विचारा की या कंपनीला या वर्षी परवानगी आहे का. कंपनीच्या वेबसाइटवर सुंदर फोटो आहेत हा पुरावा नव्हे. मग कंपनीला विचारायचे प्रश्न: परमिटचे पैसे फीमध्ये धरलेत का, टेंट आणि स्लीपिंग बॅग त्यांची की आपली, सामान खेचरांवर जाणार की आपल्या पाठीवर, गाइडकडे प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आणि सॅटेलाइटवर मेसेज पाठवायचं यंत्र आहे का. शाकाहारी असाल तर 'व्हेजिटेरियन' एवढंच लिहून थांबू नका, अमेरिकन माणसाच्या व्हेजिटेरियनमध्ये अंडं आरामात बसतं. अंडं चालत नसेल, कांदा-लसूण चालत नसेल तर स्पष्ट लिहा, ते व्यवस्थित सोय करतात. शेवटी गाइडला टिप द्यायची पद्धत आहे, ट्रिपच्या रकमेच्या १० ते २० टक्के, ते आधीच बजेटमध्ये धरा म्हणजे शेवटच्या दिवशी पार्किंगमध्ये कुजबुज नको.

आणि गाइड घेतला म्हणजे चालणं त्याच्यावर सोपवलं असं होत नाही, ते आपल्याच पायांनी करायचंय.

महिना कुठला

मार्च ते मे, नाहीतर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. मार्चमध्ये दिवसा मस्त असतं पण रात्री चांगली थंडी पडते आणि पाण्यात उतरायला जिवावर येतं. जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. जुलै ते सप्टेंबर तिकडचा मान्सून, आणि नवख्यांनी हे महिने टाळावेत असं माझं स्पष्ट मत आहे, त्याचं कारण पूर.

कॅन्यनमधला पूर आपल्या नदीच्या पुरासारखा हळूहळू चढत नाही. पाऊस वीस-तीस मैलांवर पठारावर पडतो, तुमच्या डोक्यावर ऊन असतं, आणि उघड्या खडकावरून वाहून आलेलं सगळं पाणी एका अरुंद फटीत एकदम येतं. ऑगस्ट २००८ च्या पुरात ओढ्यानं वाटच बदलली, जुना नवाहो फॉल्स कोरडा पडला आणि शेजारी नवे धबधबे तयार झाले. जुलै २०१८ मध्ये दोनशेच्या आसपास पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये एका हायकरचा जीव गेला आणि नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टरनी शंभराहून जास्त लोकांना उचललं. तेव्हा निघायच्या आधी पूर्ण परिसराचा हवामान अंदाज बघा, फक्त सुपाई गावाचा नको. टेंट ओढ्याच्या अगदी काठाला लावू नका, कितीही फोटोजेनिक जागा असली तरी. पहिल्याच संध्याकाळी वर चढायची जागा बघून ठेवा. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहत आला, किंवा गडगडाट होतोय आणि थांबत नाहीये असं वाटलं, की सामान सोडून वर. कॅन्यनच्या वाटेनं पळत सुटायचं नाही, उंचीवर जायचं.

तयारी आणि सॅक

जिममध्ये ट्रेडमिल करून भागत नाही. निदान दीड-दोन महिने आधी भरलेली सॅक घेऊन जिने चढा आणि उतराही. उतरायचा सराव कोणी करत नाही आणि मग पहिल्याच दिवशी अंगठ्याची नखं काळी पडतात. बूट नवेकोरे नकोत, अर्धा नंबर मोठे असले तर उत्तम, आणि निघायच्या आदल्या दिवशी नखं कापा.

वजन तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत बसवायचा प्रयत्न करा. ज्या वस्तूबद्दल 'असू दे, लागली तर' असं म्हणाल ती बाहेर काढा. लागतंच असं सामान म्हणजे हलका टेंट, मॅट, स्लीपिंग बॅग, हेडटॉर्च, वॉटर फिल्टर, तीन लिटर पाणी मावेल एवढ्या बाटल्या किंवा ब्लॅडर, ट्रेकिंग पोल, टोपी, सनस्क्रीन, प्रथमोपचार, साबणाचा छोटा तुकडा. पायात दुसरी जोडी मात्र हवीच: पट्ट्याच्या, चांगली ग्रिप असलेल्या सँडल किंवा वॉटर शूज, कारण खाली दिवसभर ओढा ओलांडणं चालतं. स्लिपर नेल्या तर एक तरी वाहून जाणार. रबरी ग्रिपचे स्वस्त हातमोजे घ्या, ते कशाला हे पुढे येईल.

विमानानं येणाऱ्यांसाठी, गॅसचा कॅनिस्टर विमानात चालत नाही, ना हँडबॅगेत ना चेक-इनमध्ये, व्हेगास किंवा फिनिक्सला उतरल्यावर विकत घ्यायचा. भारतातून आई-बाबा किंवा मित्र येत असतील तर ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये हायकिंग आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू धरलेलं आहे ना ते वाचून घ्या.

पाठीवर नकोच असेल तर खेचरं आहेत. ती आधी बुक करावी लागतात, एका खेचरावर चार बॅगा, एका बॅगेचं वजन ३२ पाउंडांपर्यंत, कडक खोक्याची बॅग नको, मऊच हवी, आणि सकाळी ठरलेल्या वेळेआधी ती हिलटॉपवर, म्हणजे जिथं गाडी लावून उतरायला सुरुवात होते तिथं, द्यायची. इथल्या जनावरांच्या हालांबद्दल मागे तक्रारी आणि कोर्टकचेरीही झालेली आहे, त्यामुळे बरेच जण आपलं आपण वाहतात, मीही त्यातलाच. पण गुडघे कुरकुरत असतील तर खेचर घेण्यात कमीपणा नाही. हेलिकॉप्टरही आहे, ठरावीक दिवशी, पहिला येईल त्याला पहिली जागा, गावकऱ्यांना आधी, वारा सुटला की बंद, आणि ते गावापर्यंतच, कॅम्पपर्यंत नाही. त्याच्या भरवशावर परतीचं विमान बुक करू नका.

खायचं काय

इथं आपण मराठी लोक खरं म्हणजे पुढे आहोत. दुकानातली फ्रीझ-ड्राइड पाकिटं महाग आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत नकोशी होतात. त्यापेक्षा पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची सुकी चटणी, दुपारी बसल्या जागी खाता येतं, गॅस काढायची गरज नाही. सकाळी घरी रवा भाजून, फोडणी घालून केलेलं उपम्याचं कोरडं मिश्रण, नुसतं गरम पाणी ओतायचं. रात्री पटकन शिजणारा भात आणि मेतकूट, किंवा मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, तुपाची छोटी बाटली नीट घट्ट बंद करून. चालताना राजगिऱ्याची चिक्की, खारे शेंगदाणे, खजूर. घामातून मीठ जातं म्हणून ओआरएसची पाकिटं, नाहीतर साखर-मीठ आणि लिंबाची पावडर. लोणचं न्या पण काचेच्या बरणीत नको.

एकच हिशोब पाळा, प्रत्येक जेवण वेगळ्या पिशवीत भरा आणि पिशवीवर वार लिहा. चौथ्या दिवसाची पिशवी सगळ्यात हलकी आणि न शिजवता खायची. उरलेला चिवडा परत वर वाहून आणण्यासारखं दुःख नाही. गावात एक छोटं दुकान आणि कॅफे आहे, कॅम्पपाशी स्थानिक लोक फ्राय ब्रेडही विकतात, गरमागरम तळलेला, आपल्या भटुऱ्याचा मोठा भाऊ. त्यासाठी रोख पैसे ठेवा, पण सगळं जेवण त्याच्यावर अवलंबून नको, कधी उघडं असेल त्याचा नेम नाही.

हिलटॉपपर्यंत

व्हेगासहून चार तास, फिनिक्सहून त्याहून थोडं जास्त धरा. किंगमन, सेलिगमन किंवा पीच स्प्रिंग्जला टाकी फुल करा, कारण रूट ६६ सोडून इंडियन रूट १८ ला वळलात की वालापाई हिलटॉपपर्यंत साठ मैलांच्या वर काहीच नाही, पेट्रोल नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही. चेक-इन हिलटॉपला नसून त्याआधीच करावं लागतं, अलीकडे ते रूट ६६ वरच्या ग्रँड कॅन्यन कॅव्हर्न्सला करून घेतात, पण बुकिंगच्या ईमेलमध्ये काय लिहिलंय ते बघा. हातात पट्टा बांधतात, गाडीला टॅग देतात. ते न करता थेट वर गेलात तर तेवढं सगळं अंतर मागे.

रात्री तो रस्ता चालवू नका. गाई, घोडे आणि एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) रस्त्यावर उभे असतात, आणि एल्क गाडीवर आला तर गाडी राहत नाही. आदल्या रात्री सेलिगमन किंवा पीच स्प्रिंग्जला झोपा, पहाटे फटफटायच्या सुमाराला निघा. हिलटॉपवर पिण्याचं पाणी मिळत नाही, बाटल्या आधीच भरलेल्या हव्यात. गाडीत एक मोठा कॅन पाणी, स्वच्छ कपडे आणि चपला ठेवा.

उतरताना

पहिला दीड मैल नागमोडी वळणांचा, बऱ्यापैकी खडा, जवळपास हजार फूट इथंच खाली येता. मागे वळून एकदा तो कडा बघून ठेवा, कारण चौथ्या दिवशी सगळं याच्याशी आहे. मग कोरड्या ओढ्याच्या पात्रातून, गोटे आणि वाळू तुडवत, लाल भिंतींच्या मधून वाट जाते. सुंदर आहे पण साडेसहा-सात मैल पाण्याचा थेंब नाही, सावली फक्त सकाळची. तीन लिटर पाणी म्हणजे तीनच, दोन नाही.

मधेच खेचरांचा तांडा येतो, कधी चांगलाच वेगात आणि कधी मागे-पुढे माणूस न दिसता. टापांचा आवाज आला की भिंतीच्या बाजूला सरकून गप्प उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. त्यावेळी सेल्फी काढायला पुढे येणारे असतात, त्यांना मागे ओढा.

मग एकदम हिरवळ दिसते, पाण्याचा आवाज येतो, आणि आठ मैलांवर सुपाई. गावाच्या वर कड्यावर दोन दगडी खांब उभे आहेत, विग्लीवा म्हणतात, हवासुपाई लोक त्यांना गावाचे राखणदार मानतात. गावात हळू चाला, मोठ्यानं गाणी नकोत. पोस्ट ऑफिस उघडं असेल तर घरी एक पोस्टकार्ड टाका, त्यावर खेचराच्या टपालाचा खास शिक्का मारतात, सोलापूरच्या आजीला पोचलं की कौतुकच. इथून कॅम्प अजून दोन मैल आणि हेच दोन मैल सगळ्यात लांब वाटतात, पण वाटेत फिफ्टी फूट फॉल्स आणि लिटल नवाहो लागतात, आणि शेवटी वाट उतरता उतरता उजव्या हाताला खाली हवासू, शंभर फुटांवरून डोहात पडणारा. तिथं सगळे थांबतातच. थांबा, पण आधी टेंटची जागा पकडली तर बरं.

कॅम्प

हवासू आणि मूनी या दोन धबधब्यांच्या मधली साधारण मैलभर लांबीची पट्टी, कॉटनवूडची झाडं, मधून ओढा. जागा नंबरानं मिळत नाही, रिकामी दिसेल ती घ्यायची. संडास आहेत, आंघोळीची सोय नाही.

खारी आणि उंदीर यांचा इथं कहर आहे. सॅक बंद आहे, चेन लावली आहे, असल्या भ्रमात राहू नका, ते कापड कुरतडून आत जातात. कितीतरी जण झाकणाच्या बादल्या कॅम्पवर मागे सोडून जातात, एखादी मिळाली तर सगळं खाणं तिच्यात, नाहीतर उंदीर-प्रूफ पिशवीत घालून टांगा. टेंटच्या आत चॉकलेटचा कागदसुद्धा नको.

पाण्यासाठी कॅम्पच्या वरच्या टोकाला फर्न स्प्रिंग आहे. झऱ्याचं पाणी असलं तरी फिल्टर करा किंवा उकळा. जून २०२४ मध्ये इथं येऊन गेलेल्या बऱ्याच लोकांना उलट्या-जुलाब झाले होते. असल्या पोटाच्या विषाणूवर साधा फिल्टर पुरत नाही, सॅनिटायझरही फारसं कामाचं नाही, त्यामुळे शंका असेल तेव्हा पाणी उकळायचं आणि जेवायच्या आधी साबणानं हात धुवायचे, ओढ्यात नाही, ओढ्यापासून लांब. एकमेकांच्या बाटलीला तोंड लावायचं नाही. डिहायड्रेशन झालेल्या माणसाला १६ किलोमीटर वर चढवणं काय असतं याची नुसती कल्पना करा.

धबधबे, कुठला कधी

दुसरा दिवस मूनी आणि जमलं तर बीव्हर, तिसरा दिवस हवासू आणि लिटल नवाहोपाशी आराम. बरेच जण याच्या उलट करतात, तिसऱ्या दिवशी बीव्हरला जाऊन दमून येतात आणि चौथ्या दिवशी रडतात.

मूनी दोनशे फुटांच्या आसपास आहे, आणि त्याच्या पायथ्याशी उतरणं हा या ट्रिपमधला खरा रॉक पॅच. नाव एका खाणकामगाराचं, १८८० च्या सुमारास दोरावरून उतरताना तो इथंच पडून गेला, मागून खाणवाल्यांनी ट्रॅव्हर्टाइनमधून वाट खोदली, तीच आपण वापरतो. आधी दोन छोटी भुयारं, वाकून जायचं, ती सोपी. मग कड्यावर ठोकलेल्या साखळ्या, लोखंडी खुंट्या आणि शेवटी लाकडी शिड्या, आणि हे सगळं धबधब्याच्या तुषारांनी ओलंचिंब, चिखलानं बुळबुळीत. इथं ते हातमोजे. तोंड कड्याकडे, पाठ दरीकडे. दोन पाय आणि एक हात घट्ट असल्याशिवाय दुसरा हात सोडायचा नाही. पाय ठेवायची जागा दिसत नसेल तर खालच्या माणसाला विचारा, तो सांगतो, 'डावा पाय अजून खाली, हां, टेकला.' एका वेळी शिडीवर एकच माणूस. मोबाइल खिशात चेन लावून, पाठीवर फक्त छोटी पिशवी. सकाळी साडेसात-आठला जा, दहानंतर वर येणारे आणि खाली जाणारे समोरासमोर अडकतात आणि ओल्या साखळीला धरून ताटकळत उभं राहावं लागतं. लहान मुलांना नेऊ नका. आणि वरून बघून ज्याला भीती वाटली त्याला 'काही होत नाही रे' करू नका, मूनी वरूनही तितकाच भारी दिसतो, त्यानं तिथंच बसून चहा करावा.

बीव्हर फॉल्स मूनीच्या पुढे तीनेक मैल. रानद्राक्षांच्या वेलींतून वाट जाते, ओढा बऱ्याचदा ओलांडावा लागतो, कुठं गुडघाभर तर कुठं कमरेपर्यंत, तळ दिसत नाही म्हणून पोलनं चाचपत जायचं. वाळवंटात एकटं ताडाचं झाड दिसलं की जवळ आलात. दुपारी दोनच्या आत तिथून परत फिरा. त्याच्याही पुढे कोलोरॅडो नदीचा संगम आहे, कॅम्पपासून जाऊन-येऊन सोळा मैल होतात, पहिल्या ट्रिपला त्याचा विचार नको.

चौथा दिवस

आदल्या दुपारीच अर्धं सामान भरून ठेवा. उन्हाळ्यात पहाटे तीनला, थंडीच्या दिवसांत पाचला निघालं तर चालतं, हिशोब एवढाच की शेवटच्या दीड मैलाला ऊन लागायच्या आत पोचायचं. अंधारात गावातून जाताना टॉर्च खाली धरा, गावातली कुत्री बरोबर चालत येतात, घाबरू नका, खायला घालू नका. गावापाशी शेवटचं पाणी भरून घ्या, प्रत्येकी तीन लिटर, पुढे नाही.

ग्रुपमधला सगळ्यात हळू चालणारा पुढे ठेवा आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे. वेगवान मंडळींना हे आवडत नाही, पण ते पुढे निघून गेले की मागचा एकटा पडतो आणि पाणी कोणाकडे, प्रथमोपचार कोणाकडे याचा पत्ता लागत नाही. तासाला एकदा पाच मिनिटं बसा, भूक नसली तरी चिक्कीचा तुकडा, दोन घोट ओआरएस. बसून राहू नका, पाय आखडतात. कोणाचं डोकं दुखतंय, मळमळतंय, घाम यायचा थांबलाय असं दिसलं तर लगेच सावलीत, मानेवर-डोक्यावर ओला रुमाल, आणि ऊन उतरेपर्यंत थांबा. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर प्रकरण गंभीर आहे, एकानं त्याच्यापाशी थांबून अंग ओलं करत राहायचं आणि दुसऱ्यानं मदतीला जायचं.

नागमोडी वळणांपाशी आलात की वर बघू नका, पुढचं वळण बघा. वर गाड्या चमकताना दिसतात आणि त्या अर्धा-पाऊण तास तेवढ्याच लांब राहतात. पोचल्यावर बूट काढा, गाडीतलं पाणी प्या, आणि लगेच स्टेअरिंगवर बसू नका, पहाटे तीनला उठलेला माणूस त्या साठ मैलांच्या सरळ रस्त्यावर हमखास पेंगतो. अर्धा तास गाडीतच पडा, मग दोघांनी आलटून पालटून चालवा. जेवायला सेलिगमन किंवा किंगमन, आणि हॉटेलची खोली आधीच बुक केलेली असू दे, शक्यतो तळमजल्यावरची.